पाच हजार पौंडांच्या पत्रावर पेढे वाटण्याआधी

प्रश्न असा आहे: "मॅडम, मी पुण्यात बी.ई. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पॉइंटर दहापैकी ७.६. दुसऱ्या वर्षी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता, पुढच्या खेपेला निघाला. बाबा चाकणला कंपनीत आहेत. घरून दहा लाखांच्या वर जमणार नाही. एका सल्लागाराने फी न घेता सहा विद्यापीठं काढून दिली. त्यातल्या इंग्लंडमधल्या एकाचं प्रवेशपत्र आलं, वर्षाची फी २७,००० पौंड, सोबत पाच हजार पौंडांची स्कॉलरशिपही. घरी पेढे वाटून झाले. आता डिपॉझिट भरायला सांगतायत आणि मला धाकधूक होतेय. आधी प्रवेश घ्यायचा असतो की आधी शिष्यवृत्ती मिळवायची असते? आणि ७.६ वर पूर्ण शिष्यवृत्ती मिळते का?"

पेढे वाटले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. परक्या मुलखातल्या विद्यापीठाने जागा दिली, हे खरंच आहे. पण त्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने एक हिशेब मांड. तू कळवलंस त्याप्रमाणे वर्षाची फी २७,००० पौंड. त्यातून ५,००० गेले, उरले २२,०००. राहण्या-खाण्यासाठी ब्रिटनच्या व्हिसालाच लंडनबाहेर महिन्याला अकराशे पौंडांहून जास्त, असे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे दहा हजारांच्या वर. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंडांच्या दराने वेगळा. मग व्हिसाची फी, विमानाचं तिकीट, तिथे उतरल्यावरची पहिली गादी-उशी. पौंड ११५ रुपयांना धरला तरी गोष्ट अडतीस-चाळीस लाखांवर जाते. तुमच्याकडे दहा आहेत. उरलेल्या तीस लाखांचं कर्ज काढायला लावते ती कसली शिष्यवृत्ती? ही सवलत आहे. लक्ष्मी रोडवर सेलच्या पाटीखाली आधीची किंमत खोडून नवी लिहिलेली असते ना, तीच जातकुळी. सवलत वाईट असते असं नाही, फक्त तिला सवलत म्हणायचं.

डेक्कनच्या मागच्या गल्लीतल्या एका खोलीत मी अठरा वर्षं परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना सल्ला द्यायचं काम करतेय. येणारं प्रत्येक मूल पहिल्यांदा विचारतं, "मॅडम, किती मार्कांवर मिळते?" ही अकरावीच्या कटऑफने लावलेली सवय. फर्ग्युसनची यादी ९६ ला बंद झाली, एस.पी.ची ९५ ला, तशी शिष्यवृत्तीचीही कुठेतरी यादी लागत असेल आणि आपला नंबर त्या रेघेच्या वर हवा, अशी कल्पना असते. तसं नसतं. शिष्यवृत्ती म्हणजे कुणीतरी स्वतःच्या कामासाठी बाजूला काढलेला पैसा. म्हणून मी मुलांना मार्कांच्या आधी एकच विचारायला लावते: हा पैसा कुणाचा, आणि तो का देतोय? त्याचं उत्तर मिळालं की पात्रता, निबंध, मुलाखत, परत येण्याची अट, सगळ्याचा उलगडा आपोआप होतो.

तुझ्या पत्राला हा प्रश्न लाव. पैसा विद्यापीठाचा. का देतंय? जागा भरायच्या आहेत म्हणून. त्यामुळे अट काय, तर ठरावीक तारखेच्या आत डिपॉझिट. निबंध नाही, मुलाखत नाही. सगळं जुळतं.

आता चीव्हनिंग शिष्यवृत्ती घे. पैसा ब्रिटिश सरकारचा, त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. त्यांना पुढे आपापल्या देशात ज्यांच्या शब्दाला वजन येईल अशी माणसं हवी आहेत, आणि त्या माणसांनी एक वर्ष ब्रिटनमध्ये काढलेलं हवं आहे. म्हणून निबंध नेतृत्वावर आणि माणसं जोडण्यावर, म्हणून किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव, आणि म्हणूनच शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट. तुझा पॉइंटर ९.६ असता तरी आज तू तिथे बसत नाहीस, आणि तीन वर्षं नोकरी करून आलीस तर ७.६ वरही बसतेस.

जर्मनीच्या डाड (DAAD) संस्थेची विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठीची जी योजना आहे, तिचंही तसंच. पैसा जर्मन सरकारच्या विकास खात्याचा, म्हणजे शिकून परत जाऊन आपल्याकडचं पाणी, वीज, शहरं सुधारणाऱ्यांसाठी. दोन वर्षांचा अनुभव हवा आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको. ही दुसरी अट लोक वाचत नाहीत. "आधी चांगला अनुभव घेतो" म्हणत आठवं वर्ष उजाडतं आणि दार बंद झालेलं असतं. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरूची मास्टर्सची फेलोशिप तीन वर्षांचा अनुभव मागते आणि तिच्या विषयांच्या यादीत सार्वजनिक आरोग्य, नगररचना, पत्रकारिता असे विषय आहेत, मेकॅनिकल नाही. इनलॅक्सची रक्कम भारी, एक लाख डॉलरपर्यंत, पण तो खासगी न्यास आहे, वयाची अट तिशीच्या आतली आणि इंजिनिअरिंग त्यांनी सरळ वगळलेलं आहे. चार मोठी नावं, चारही आज तुझ्यासाठी नाहीत. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नव्हे, तो पैसा दुसऱ्या कामासाठी आहे म्हणून. हे कळायला मुलं दोन-दोन वर्षं घालवतात.

मग तुझ्यासाठी काय आहे? बरंच आहे.

सगळ्यात आधी इरॅस्मस मुंडस. युरोपीय संघाचा पैसा, आणि उद्देश असा की वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं एकत्र येऊन अभ्यासक्रम चालवतील आणि जगभरातली मुलं त्यांत मिसळतील. एक सेमिस्टर एका देशात, पुढचं दुसऱ्या. फी माफ, महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. प्रवास, व्हिसा, राहणं सगळं त्या १,४०० मध्येच बसवायचं, वेगळं काही मिळत नाही, पण काटकसरीने बसतं. बहुतेक अभ्यासक्रमांना शेवटच्या वर्षाची मुलं चालतात. एकच अर्ज प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीचा. अर्जाची फीही बहुतेक ठिकाणी नसते. मेकॅनिकलच्या मुलीला ऊर्जा, मटेरिअल्स, उत्पादन, टिकाऊ वाहतूक असे किती तरी अभ्यासक्रम त्यात सापडतील. अर्ज साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, पुढच्या सप्टेंबरसाठी. चुरस फार असते, हेही खरं.

दुसरं, ज्याला शिष्यवृत्ती म्हणतच नाहीत ते: जर्मनीतली सरकारी विद्यापीठं. तिथे बहुतेक राज्यांत फीच नाही, सेमिस्टरला शे-दोनशे किंवा तीनशे युरोंची वर्गणी असते आणि त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. अपवाद लक्षात ठेव: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळ्यापासून फी लावली आहे. "फुकट" शिक्षणातही व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. आईबाबा हा आकडा ऐकून दचकतात. पण ते पैसे तुझेच असतात, महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने तुलाच परत मिळतात. तुमचे दहा लाख इथे पहिल्या वर्षाला जवळजवळ पुरतात. इंग्लंडच्या पत्रात ते जेमतेम पाव खर्चाला पुरत होते.

तिथे तुझा ७.६ कसा वाचतात ते इथेच करून पाहू. जर्मनांची श्रेणी उलटी चालते, १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर. आपल्या दहापैकी कमाल १० आणि उत्तीर्ण व्हायला ४ धरले, तर १० मधून ७.६ वजा, २.४. त्याला ६ ने भाग, ०.४. तीनने गुण, १.२. त्यात १ मिळव. तुझी जर्मन श्रेणी २.२. बऱ्याच चांगल्या अभ्यासक्रमांची रेघ २.५ ला असते. म्हणजे एम-थ्रीसकट तू रेघेच्या आत आहेस. फक्त एक: कॉलेजकडून येणारी टक्केवारी आणि गुणपत्रिकेवर छापलेलं रूपांतराचं सूत्र जुळतंय का ते पाहा. स्वतःच्या मनाने "पॉइंटर गुणिले साडेनऊ" करू नकोस. सीबीएसईचं सूत्र विद्यापीठाला लागू नसतं.

तिसरा पैसा आपल्या सरकारचा. यात पुण्याच्या मुलांना घराजवळ असूनही माहिती नसते, याचं मला नेहमी नवल वाटतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तिचा कारभार चर्च रोडवरच्या समाजकल्याण आयुक्तालयातून. मराठा समाजासाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची, तीही संस्था पुण्यातच. ओबीसी, भटक्या-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक आणि खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांसाठीही त्या-त्या विभागांच्या योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी: अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या कुटुंबांतल्या मुलांसाठी १२५ जागा, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. गडचिरोलीची मुलगी रात्रभर बसने येऊन अर्जातल्या त्रुटी दुरुस्त करून जाते आणि कोथरूडचा मुलगा "अशी काही योजना असते होय?" विचारतो.

तू कुठल्या गटात बसतेस ते मला माहीत नाही, म्हणून सगळ्यांना लागू पडतं तेवढं सांगते. या योजनांचा उद्देश सामाजिक न्यायाचा, म्हणून जात प्रमाणपत्र, लागू असेल तिथे जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास यांच्यावर सगळी मदार. आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. क्रमांकाची आणि उत्पन्नाची मर्यादा मधल्या वर्षांत बदललेली आहे, त्यामुळे गेल्या वर्षी गेलेल्या दादाला विचारून भागवू नकोस, यंदाची जाहिरात वाच. सर्वांत मोठी मेख म्हणजे तिथे बहुधा विनाअट प्रवेशपत्र मागतात. "अंतिम गुणपत्रिका सादर केल्यास" असं एक वाक्य पत्रात असलं की ते सशर्त झालं. निकाल लागला की त्याच दिवशी विद्यापीठाला पाठवून नवीन पत्र मागव. सरकारी निवड यादीची तारीख आणि विद्यापीठाच्या डिपॉझिटची तारीख जुळतीलच असं नाही, तेव्हा मुदतवाढ मागणारा किंवा प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायची विनंती करणारा ईमेल आधीच तयार ठेव.

चौथा, जे.एन. टाटा एंडोमेंट. १८९२ पासून चालू आहे आणि जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच शिष्यवृत्तीवर, जे पुढे पुण्यात आयुका उभी करायला आले. पण तिचं पूर्ण नाव कर्ज-शिष्यवृत्ती आहे. पैसे फेडायचे असतात. मला ही पद्धत आवडते. पैसा फिरत राहतो. फक्त "टाटांची स्कॉलरशिप लागली" असं घरी अर्धवट सांगू नकोस.

अमेरिकेबद्दल थोडक्यात: मास्टर्सला पूर्ण पैसे क्वचितच, पीएचडीला बहुतेकदा, कारण तिथे प्राध्यापकाच्या प्रकल्पाचा पैसा असतो आणि त्याला काम करणारा माणूस हवा असतो. संशोधनाची खरीच ओढ असेल तर बी.ई.नंतर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. पैशासह जागा देणाऱ्या बहुतेक विद्यापीठांनी मिळून १५ एप्रिल ही तारीख पाळायचं ठरवलं आहे, त्याआधी उत्तर द्यायची सक्ती नसते. कुणी घाई केली तर एवढं लक्षात असू दे.

आता तुझा पहिला प्रश्न, आधी प्रवेश की आधी शिष्यवृत्ती. "आधी लगीन कोंढाण्याचं" असं एकच उत्तर असतं तर किती बरं झालं असतं. ज्याचा पैसा, त्याचा क्रम. इरॅस्मस मुंडसमध्ये दोन्ही एकाच अर्जात. सरकारी योजनांत आणि इनलॅक्सला आधी प्रवेश. चीव्हनिंगला दोन्ही समांतर: अर्जात तीन अभ्यासक्रम लिहायचे आणि प्रवेश स्वतंत्रपणे मिळवायचा. फ्रान्सच्या आयफेल शिष्यवृत्तीला तर विद्यार्थ्याने अर्जच करायचा नसतो, तिथली संस्था तुझं नाव पुढे करते. म्हणजे संस्थेला वेळेत कळवलं नाहीस तर संपलं. एका वहीत प्रत्येक शिष्यवृत्तीसमोर फक्त दोन रकाने कर, "पैसा कुणाचा" आणि "आधी काय".

उद्देशपत्राबद्दल, म्हणजे अर्जासोबतच्या "स्टेटमेंट ऑफ पर्पज"बद्दल, मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण घोडं अडतं ते तिथेच.

दोन-तीन वर्षांपूर्वी भोसरीचा एक मुलगा आला होता. मसुद्याचं पहिलं वाक्य: लहानपणापासून मला यंत्रांचं प्रचंड आकर्षण होतं. मी त्याला म्हटलं, हे वाक्य या आठवड्यात मी पाचव्यांदा वाचतेय. लहानपणी नक्की काय करायचास? तर म्हणे, "काही नाही मॅडम, बाबांचं एमआयडीसीत शॉप आहे, तीन लेथ आणि एक मिलिंग. सुट्टीत बसायचो तिथे." मग काय करायचास? "कूलंट बदलायचो. फार घाण वास येतो त्याला." का येतो? इथे तो खुलला. मशीनचं तेल गळून कूलंटवर, म्हणजे काम चालू असताना धातू थंड ठेवणाऱ्या द्रवावर, तवंग धरतं, खाली हवा जात नाही, मग ते नासतं. दर पाच आठवड्यांनी टाकी रिकामी करायची, नासलेलं कूलंट घेऊन जायला माणूस पैसे मागायचा, म्हणून शेजारचे शॉपवाले सरळ नाल्यात सोडायचे. याने भंगारातल्या वायपरच्या मोटरवर एक चकती बसवली. ती हळूहळू फिरते, तेल चकतीला चिकटून वर येतं, पट्टीने खरवडून डब्यात पडतं. कूलंट नऊ आठवडे टिकायला लागलं. मी विचारलं, नऊ कशावरून? त्याने बॅगेतून वही काढली. कोणती टाकी, कधी भरली, किती लिटर, कधी वास आला. निळ्या-काळ्या पेनाने, तेलाचे अंगठे उमटलेली वही. आणि हे मसुद्यात का नाही? "ते काय मॅडम, किरकोळ आहे."

आम्ही पहिलं पान फाडलं आणि त्या वासापासून सुरुवात केली. टिकाऊ उत्पादनाच्या एका युरोपीय अभ्यासक्रमाच्या प्रतीक्षा यादीत त्याचं नाव लागलं आणि मे महिन्यात नंबर वर सरकून शिष्यवृत्ती मिळाली. त्या परिच्छेदामुळेच मिळाली असा दावा मी करणार नाही. बाकीचा अर्जही नीट होता. पण मुलाखतीत पंधरा मिनिटांतली दहा मिनिटं त्याला त्या चकतीबद्दलच विचारत होते.

तुझीही अशी एखादी वही असेल. प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं होतं, मोजमाप का चुकलं, तू काय बदललंस. निवड समितीला ते हवं असतं. हल्ली चॅटजीपीटीकडून लिहून आणलेले मसुदे येतात, गुळगुळीत, एकालाही वास नाही. इंग्रजी तपासून घ्यायला ते वापर, पण आपली गोष्ट त्याच्याकडून मागू नकोस, त्याच्याकडे ती नाही.

आणि कमतरता लपवू नकोस. आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ठरलेल्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही याची चिंता त्यात झाकलेली नाही; आपल्याला काय येतं तेही आहे आणि इथल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात म्हणून हे शिक्षण हवं, हेही. ना "लहानपणापासून आवड", ना स्वतःची आरती. तू एम-थ्रीबद्दल एवढंच लिही: तिसऱ्या सेमिस्टरला राहिला, पुढच्या परीक्षेत सुटला, नंतर गणित जिथे लागतं त्या विषयांत अमुक गुण आहेत. दोन ओळी. आजीचं आजारपण वगैरे आणू नकोस, खरं असल्याशिवाय.

शिफारसपत्रं. आपल्याकडचं ठरलेलं वाक्य तू ऐकलं असशीलच: "तूच लिहून आण, मी सही करतो." सर वाईट नसतात, त्यांच्याकडे साठ मुलं असतात. पण तिन्ही पत्रं तू लिहिलीस की तिन्हींचा आवाज एकच येतो आणि वाचणाऱ्याला ते कळतं. त्याऐवजी सरांना एका पानावर मुद्दे दे: कुठल्या प्रोजेक्टवर काम केलं, त्यांनी कधी काय सुचवलं, कुठे चुकलीस, निकाल काय आला. मग सर तासाभरात स्वतः लिहू शकतात. पद बघून विभागप्रमुखांच्या मागे लागू नकोस. ज्यांनी तुला लॅबमध्ये काम करताना पाहिलंय त्यांच्याकडे जा. कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरूनच पत्र जाऊ दे. बऱ्याच ठिकाणी जीमेलवरून आलेलं धरत नाहीत. आणि किमान महिनाभर आधी सांग, शेवटच्या रात्री सरांना फोन म्हणजे वरातीमागून घोडं.

कागदपत्रांत सर्वांत जास्त डोकेदुखी नावाची, आणि ती खास आपली महाराष्ट्राची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकीचं दुसऱ्यात, त्यातही कुणी वडिलांचं नाव घातलेलं असतं, कुणी नसतं. माझ्या एका विद्यार्थिनीला तिकडचं प्रवेश कार्यालय चार महिने तिच्या आडनावानेच "प्रिय" म्हणत होतं, आणि शेवटी दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत याचा पुरावा मागितला. नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून पाठवलं तेव्हा सुटलं. अर्जात सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव लिही, एक अक्षरही इकडे-तिकडे नको.

जर्मनीला जायचं तर एपीएस प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. दिल्लीतली एपीएसची कचेरी तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासते, फी १८,००० रुपये, आणि गर्दीच्या मोसमात वेळ लागतो. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचे अधिकृत उतारे, मागवलेस की जास्तीचे दोन बंद लखोटे घेऊन ठेव. बोट क्लब रोडवर मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा वर्ग लाव. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, डॉक्टर आणि पार्टटाइम काम इंग्रजीत नसतं.

तारखांबाबत माझीच एक चूक सांगते, म्हणजे तू करणार नाहीस. चीव्हनिंगची मुदत मी डायरीत "मध्यरात्र" लिहिली होती. प्रत्यक्षात ती जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारी १२ ची असते, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. एक हुशार मुलगी ऑफिसातून सात वाजता घरी येऊन शेवटचा निबंध वाचायला बसली आणि अर्ज बंद झालेला. तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याने जास्त लागलं. पुढच्या वर्षी तिने पुन्हा भरला. तेव्हापासून माझ्या खोलीत प्रत्येक तारखेपुढे भारतीय वेळ लाल पेनाने लिहिलेली असते. टोकियोची मध्यरात्र म्हणजे आपले साडेआठ, हेही तिथेच टाचलेलं आहे.

आणि अटी वाच. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हाही परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. पैशाला अट असणं नवीन नाही. परत यायचं बंधन, दुसरी शिष्यवृत्ती न घेण्याचं बंधन, एखाद्या विषयात नापास झाल्यास काय, हे सगळं बाबांसोबत बसून सहीच्या आधी वाच.

राहिला तुझा सल्लागार. त्याने फी घेतली नाही म्हणालीस. म्हणजे इथेही तोच प्रश्न विचार, त्याचा पैसा कुणाचा? बहुतेकदा विद्यापीठाचा, तू फी भरलीस की त्यातला वाटा. यात बेकायदेशीर काही नाही, पण त्याच्या सहांच्या यादीत एकही जर्मन सरकारी विद्यापीठ का नाही, हे त्यातून कळतं: ती वाटा देत नाहीत.

तर माझं मत: डिपॉझिट भरू नकोस. ते परत मिळण्याची अट नीट वाचल्याशिवाय तर नाहीच. जूनमध्ये पदवी घे, नोकरी धर, ऑक्टोबरपासून इरॅस्मस मुंडसचे तीन-चार नेमके अर्ज आणि पुढच्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीचे पाच-सहा. इंग्रजीची आयईएल्टीएस परीक्षा दोनच वर्षं चालते, म्हणून ती सप्टेंबरच्या आसपास दे, आत्ता घाई नको. तोवर, तुला लागू असेल तर, सरकारी योजनेची जाहिरात येईल. नोकरीतलं एक वर्ष झालं की चीव्हनिंग आणि डाडची दारंही अर्धी उघडलेली असतील.

शनिवारी चारनंतर मी असते. येताना पासपोर्ट आणि दहावीची गुणपत्रिका दोन्ही आण, आधी नाव जुळतंय का पाहू. प्रोजेक्टची वहीही आण, गिचमिड असली तरी.